अक्षरांचं तोरण: संगणकावर देवनागरी नाव वळवायचं कसं?

१. रेघ तुटली कशी?

रत्नागिरीतल्या कुठल्याही रेडियम-कटिंगच्या दुकानात घटकाभर बसलात, तर एक मागणी हमखास कानावर पडेल: “नाव जरा कमानीत बसवून द्या.” मागणी होडीवाल्याची असते, रिक्षावाल्याची असते, गणेशोत्सव मंडळाची असते. समजा, मांडवीच्या एका नाखव्याला नव्या होडीवर ‘रत्नदुर्ग’ लिहायचं आहे. मांडवीच्या जेट्टीवर उभं राहिलं की रत्नदुर्ग किल्ला समोर दिसतोच, तेव्हा नावासाठी लांब जायला नको. दुकानातला मुलगा नाव टाइप करतो, एक वक्र काढतो आणि नाव त्याच्यावर चढवतो. र, त्न, दु, र्ग ही चार अक्षरं कमानीत उभी राहतात, पण शिरोरेषेचे चार तुकडे होतात आणि प्रत्येक तुकडा आपापल्या दिशेला तोंड करून बसतो. नाखवा पडद्याकडे बघून विचारतो, “काय रे बाळा, ही रेघ मधेच तुटली कशी?”

प्रश्न अगदी बरोबर आहे. ‘RATNADURG’ असं रोमन लिपीत लिहिलं असतं तर त्याच वक्रावर काही बिघडलं नसतं. मग मराठीतच का बिघडतं? संगणकाला मराठी येत नाही, असं म्हणून आपण मोकळे होतो. खरं कारण त्याहून साधं आहे, आणि ते कळलं की उपायही हाताशी येतो. त्याआधी दोन गोष्टी समजून घेऊ: संगणक अक्षर कसं लक्षात ठेवतो, आणि वक्र कसा काढतो.

२. भुकटी आणि ठिपके

रांगोळी दोन प्रकारे जपता येते. एक म्हणजे काढलेल्या रांगोळीचा फोटो. त्यात भुकटीचा कण न् कण आहे, पण फोटो दहापट मोठा केला की कण विस्कटतात आणि कडा फाटतात. दुसरा प्रकार आजीच्या वहीतला: सात ते सात ठिपके, इथून तिथे रेघ, तिथून वळण. ही सूचना आहे. तिच्यावरून अंगणात हातभर रांगोळी काढा किंवा देवळासमोर दहा हात काढा, रेघ तितकीच नितळ येईल.

संगणकावरचा फोटो हा पहिला प्रकार. कोरलड्रॉ, इलस्ट्रेटर आणि फुकट मिळणारं इंकस्केप ही सॉफ्टवेअर दुसऱ्या प्रकारची, म्हणजे व्हेक्टर पद्धतीची. त्यांच्या लेखी अक्षर म्हणजे काही बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या रेघांची यादी. बिंदू सरकला की रेघ सरकते, आणि अक्षर वाकवणं, ताणणं, पिळणं म्हणजे शेवटी हे बिंदू सरकवणं. रेडियम कापणारं यंत्रही याच यादीवरून आपलं पातं फिरवतं.

३. वक्र ओढायचा कसा?

सरळ रेघेला दोन बिंदू पुरतात: सुरुवात आणि शेवट. वक्र रेघ किती आणि कुठे वाकावी, हे सांगायला मात्र आणखी काहीतरी हवं.

जुन्या काळी जहाजांचे नकाशे काढणारे कारागीर लाकडाची एक बारीक, लवचिक पट्टी घेत, ठरावीक जागी वजनं ठेवून ती दाबून धरत आणि तिच्या कडेने रेघ ओढत. पट्टी स्वतःच नितळ वळण घेई. या पट्टीला इंग्रजीत ‘स्प्लाइन’ म्हणत, आणि गणितातल्या एका जातीच्या वक्रांना पुढे हेच नाव मिळालं. संगणकावरच्या वळणांची एक मुळी अशी होड्या-जहाजांच्या कारखान्यात सापडते.

दुसरी मुळी मोटारींच्या कारखान्यात आहे. फ्रान्समध्ये सिट्रोएन कंपनीत पॉल द कास्तेल्जो यांनी १९५९ च्या सुमारास आणि रेनॉ कंपनीत पिएर बेझिए यांनी १९६० च्या दशकात, गाडीच्या पत्र्याचं वळण आकड्यांत मांडायची रीत शोधली. बेझिए यांनी ती प्रसिद्ध केली म्हणून तिला बेझिए वक्र म्हणतात. व्हेक्टर सॉफ्टवेअरमधलं जवळपास प्रत्येक वळण याच रीतीचं असतं. त्यात बिंदू चार: दोन टोकांचे, आणि प्रत्येक टोकाला एकेक ‘हँडल’. टोकाचे बिंदू जमिनीत ठोकलेल्या खुंट्या समजा. हँडल म्हणजे रेघेला आपल्याकडे ओढणारा हात. हाताने ओढ लावली तरी रेघ हातापर्यंत पोचत नाही, नुसती त्या बाजूला झुकते.

किती झुकते, ते एका छोट्या उदाहरणात पाहू. आठ सेंटिमीटर लांबीची आडवी रेघ घ्या. दोन्ही टोकांची हँडल सरळ वर चार सेंटिमीटर खेचा. मधोमध कमान किती उंच येईल? चार नव्हे, तीन. हँडल समान उंचीवर असली तर कमान त्या उंचीच्या पाऊणपट येते. म्हणजे सहा सेंटिमीटर उंच कमान हवी असेल, तर हँडल आठवर न्यायची. एवढा एक हिशेब लक्षात ठेवला तर अंदाजाने ओढत बसायची कटकट वाचते.

४. फरशी आणि सुतळी

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. वक्र काढून त्यावर अक्षरं बसवण्याची सोय तिन्ही सॉफ्टवेअरमध्ये आहे. कोरलड्रॉमध्ये तिला ‘फिट टेक्स्ट टू पाथ’ म्हणतात, इंकस्केपमध्ये ‘पुट ऑन पाथ’ आणि इलस्ट्रेटरमध्ये ‘टाइप ऑन अ पाथ’. नावं तीन असली तरी काम एकच. ही सोय अक्षराला वाकवत नाही. अक्षर जसंच्या तसं ताठ ठेवते, नुसतं कलंडवते आणि वक्रावर उभं करते.

गोम ‘उभं करते’ या शब्दांत आहे. रोमन अक्षरं फरशीवर उभी असतात. त्यांचे पाय एका रेघेवर टेकलेले असतात आणि डोकी मोकळी. फरशी वाकली की अक्षरं थोडी तिरकी होतील, त्यांच्या डोक्यांमधलं अंतर वाढेल, पण तुटण्यासारखं काही नाही, कारण डोकी एकमेकांना जोडलेलीच नव्हती.

देवनागरी अक्षरं उभी नसतात, टांगलेली असतात. दसऱ्याला दारावर लावतो ते आंब्याच्या पानांचं तोरण डोळ्यांसमोर आणा. शिरोरेषा ही सुतळी, अक्षरं ही पानं. सुतळी कशीही झोका घेवो, पानं देठापाशी जोडलेली राहतात, खालची टोकं हवी तशी फाकतात किंवा जवळ येतात. संगणक मात्र फरशीचा नियम आपल्या तोरणाला लावतो. तो पानांची टोकं वक्रावर अडकवतो आणि देठ हवेत सोडून देतो. मग सुतळीचे तुकडे होणारच.

५. फट किती पडते?

हिशेब करून पाहू. ‘रत्नदुर्ग’ची अक्षरं २० सेंटिमीटर उंच आणि ढोबळमानाने तितकीच रुंद धरा. वक्र म्हणजे १०० सेंटिमीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा वरचा भाग. अक्षरांचे पाय १०० च्या वर्तुळावर आहेत, म्हणजे शिरोरेषा १२० च्या वर्तुळावर गेली. वर्तुळ वीस टक्के मोठं झालं, तर त्यावरची जागाही वीस टक्के वाढली. पायाशी २० सेंटिमीटर जागा घेणाऱ्या अक्षराच्या वाट्याला डोक्याशी २४ सेंटिमीटर येतात, पण त्याची शिरोरेषा २० चीच. उरलेले ४ सेंटिमीटर ही फट. चार अक्षरांत अशा तीन फटी, आणि फटीशेजारचं टोक ताठ, म्हणून ते वक्राला सोडून बाहेर डोकावतं.

वक्र उलटा, म्हणजे झोळीसारखा खाली गेलेला असेल, तर उलटं घडतं. शिरोरेषा आता ८० च्या वर्तुळावर, जागा १६ सेंटिमीटर, रेघ २० ची. शिरोरेषा एकमेकींवर चढतात आणि कात्रीसारखा आकार दिसतो.

आपल्याकडच्या छपाईच्या दुकानांत आणखी एक भर असते. युनिकोड सर्रास होण्याआधीचे जुने मराठी फॉन्ट अजून अनेक ठिकाणी वापरात आहेत. त्यांत काना, वेलांटी, रफार हे सुटे तुकडे जोडून अक्षर घडवलेलं असतं. सुटा तुकडा म्हणजे संगणकाच्या दृष्टीने स्वतंत्र अक्षर. मग ‘मांडवी’ वक्रावर चढवताना ‘म’ एका कोनात आणि त्याचा काना दुसऱ्या कोनात कलंडतो. युनिकोड फॉन्टमध्ये हा त्रास बराच कमी होतो. मुंबईच्या एक टाइप या संस्थेचे मुक्त आणि बलू हे देवनागरी फॉन्ट फुकट मिळतात. त्यांतला बलू गुबगुबीत आहे, पाटीवर चांगला उठतो.

६. तीन उपाय

पहिला उपाय: नाव खाली ओढा. अक्षरांचे पाय वक्रावर ठेवण्याऐवजी शिरोरेषा वक्रावर आणायची. कोरलड्रॉमध्ये नाव वक्रापासून किती अंतरावर असावं ते बदलता येतं. इलस्ट्रेटरमध्ये ‘बेसलाइन शिफ्ट’ आहे. अक्षराच्या उंचीइतकं नाव खाली आणलं की पानं पुन्हा देठाने लटकू लागतात. आता गर्दी होते ती पायाशी: शिरोरेषा १०० वर, पाय ८० वर, म्हणजे २० सेंटिमीटरच्या अक्षराला खाली १६ चीच जागा. ‘दु’चा उकार शेजारच्या अक्षराला धडकतो. म्हणून वक्र सौम्य करा. त्रिज्या ३०० केली तर पायाशी साडेअठराहून थोडे जास्त सेंटिमीटर मिळतात, आणि अक्षरांमधल्या नेहमीच्या मोकळ्या जागेत तेवढी तूट खपून जाते. माझा ठोकताळा असा: अक्षराची उंची त्रिज्येच्या दहाव्या हिश्शाहून जास्त असली की पेन्सिल घेऊन पुन्हा विचार करायचा.

दुसरा उपाय: सुतळी स्वतः ओढा. पाट्या रंगवणारा पेंटर आधी खडूने रेघा आखून घेतो आणि मग अक्षरं भरतो. तेच इथे करायचं. पहिल्या उपायाप्रमाणे शिरोरेषा वक्रावर येईल असं नाव बसवा, मग त्याचं आकृतीत रूपांतर करा. कोरलड्रॉमध्ये कंट्रोल-क्यू, इलस्ट्रेटरमध्ये कंट्रोल-शिफ्ट-ओ, इंकस्केपमध्ये शिफ्ट-कंट्रोल-सी. आता नाव टाइप केलेला मजकूर राहिलं नाही, नुसत्या रेघांची यादी झाली. तुटक्या शिरोरेषा पुसून टाका आणि मूळ वक्राची एक प्रत घेऊन, तिला शिरोरेषेइतकी जाडी देऊन वरून अखंड चढवा. अक्षरं ताठ, सुतळी वाकडी. तोरणही असंच असतं, म्हणून डोळ्याला खटकत नाही. एक सावधगिरी मात्र हवी: एकदा आकृती झाली की शुद्धलेखन सुधारता येत नाही. ‘रत्नदूर्ग’ असा दीर्घ ऊ पडला असेल तर तो तसाच समुद्रात जाईल. रूपांतरापूर्वी मूळ मजकुराची प्रत बाजूला ठेवा, आणि नाव नाखव्याकडून वाचून घ्या.

तिसरा उपाय: आधी जोडा, मग वाकवा. नाव सरळ रेघेत टाइप करा, आकृतीत रूपांतर करा आणि सगळी अक्षरं एकजीव करा. या कामाला कोरलड्रॉमध्ये ‘वेल्ड’ म्हणतात, इलस्ट्रेटरमध्ये ‘युनाइट’ आणि इंकस्केपमध्ये ‘युनियन’. आता शिरोरेषा खरोखरच एकसंध फळी झाली. मग ती फळी वाकवा. फळीला जोडच नाही, तर फट कुठून पडणार? ही वाकवायची कला पुढच्या भागात.

७. पाकीट आणि जाळं

आतापर्यंत अक्षर ताठ होतं. आता अक्षरच वाकवायचं आहे. यासाठी तिन्ही सॉफ्टवेअरमध्ये एक कल्पना समान आहे: एन्व्हलप, म्हणजे पाकीट. नावाभोवती एक अदृश्य चौकोन आहे आणि नाव त्याच्या रबरी कापडावर रंगवलं आहे, असं समजा. चौकोनाची कड ओढली की कापड ताणतं, आणि कापडावरचं नावही.

इलस्ट्रेटरमध्ये ‘वॉर्प’ नावाखाली अशी १५ तयार पाकिटं आहेत. कमानीसाठी ‘आर्क’, फडकत्या निशाणासाठी ‘फ्लॅग’, चढत्या रेघेसाठी ‘राइज’, आणि एकाचं तर नावच ‘फिश’: एका टोकाला मासळीच्या शेपटीसारखं निमुळतं होऊन पुन्हा फुलणारं. प्रत्येकाला ‘बेंड’चा टक्का असतो, आणि खिडकी उघडली की तो ५० वर असतो. देवनागरीला ५० फार होतात. वेलांटी, मात्रा, रफार शिरोरेषेच्या वर आणि उकार खाली, अशी आपली अक्षरं मुळातच उंचीला जास्त, त्यामुळे ताणही त्यांना जास्त बसतो. २० पासून सुरुवात करा. इंकस्केपमध्ये ‘पाथ इफेक्ट’च्या यादीत ‘बेंड’ आहे. तो नावाच्या मधून एक कणा घालतो, आणि कणा वाकवला की नाव वाकतं.

याहून बारीक काम हवं असेल तर ‘मेश’ किंवा ‘लॅटिस’ वापरा. यांची कल्पना मांडवीकरांना सांगायला नको: हे जाळंच आहे. नाव जाळ्यावर पसरलं आहे, आणि तुम्ही एकेक गाठ धरून ओढता. ओढलेल्या गाठीजवळचा भाग जास्त हलतो, लांबचा कमी. ‘र्ग’ तेवढा उचलायचा असेल तर त्याच्या भोवतीच्या चार गाठी पुरतात. चुकायचं तेही इथेच. गाठी जितक्या जास्त, तितक्या सुरकुत्या जास्त. तीन आडव्या, चार उभ्या रेघांचं जाळं बहुतेक नावांना पुरतं.

वाकवण्याची किंमतही ठाऊक असू द्या. ताणलेल्या बाजूला रेघ जाड होते, दबलेल्या बाजूला बारीक. ‘मांडवी’वरचा अनुस्वार गोल न राहता लंबगोल होतो. हे दिसलं की तेवढा टिंब काढून टाका आणि त्या जागी नवा गोल ठेवा. अर्ध्या मिनिटाचं काम आहे, आणि नाव एकदम हाताने काढल्यासारखं दिसू लागतं.

हाताने काढल्यासारखं, हे शब्द मुद्दाम वापरले. अक्षर वाकवण्याची हौस संगणकाने आणलेली नाही. गणपत कृष्णाजींनी १८३१ मध्ये मराठी पंचांग छापलं ते शिळाछापावर. शिळेवर अक्षर हाताने लिहिलं जाई, त्यामुळे ते हवं तिकडे वळू शके. पुढे जावजी दादाजींच्या निर्णयसागरसारख्या छापखान्यांनी शिशाच्या खिळ्यांनी देखणी देवनागरी घडवली, पण खिळे ओळीत सरळच बसायचे. वळण पुन्हा हातात आलं ते नाटकांच्या जाहिरातींत. कमल शेडगे (१९३५–२०२०) यांनी ‘मत्स्यगंधा’सारख्या नाटकांची नावं अशी काढली की अक्षरांच्या आकारातूनच नाटकाची जात कळे. तिथे सुतळी चित्रकाराच्या हाती होती. आपल्याला माउसने तेच करायचं आहे.

८. होडीची नाळ: कागद सपाट, लाकूड नाही

पडद्यावर नाव जमलं म्हणजे होडीवर जमेलच असं नाही. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारलेल्या असतात आणि हंगामापूर्वी डागडुजी, रंगकाम चालतं. तेव्हा मांडवी, राजिवडा, मिरकरवाडा या बाजूला फिरून होडीच्या पुढच्या भागाकडे, म्हणजे नाळेकडे, नीट पाहा. वरची कड नाळेकडे उचलत जाते, आणि बाजूची फळी आत वळत जाते. नावाला या दोन्हींशी जुळवून घ्यावं लागतं.

उचलत्या कडेसाठी तिचा फोटो घ्या, तो सॉफ्टवेअरमध्ये खाली ठेवा, आणि कडेवरूनच वक्र काढा. तीच तुमची शिरोरेषा. गंमत पुढे आहे: होडीला बाजू दोन. होडीच्या उजव्या बाजूला उभं राहिलं तर नाळ आपल्या उजव्या हाताला येते, म्हणून नाव शेवटाकडे चढत जातं. डाव्या बाजूला नाळ डावीकडे, म्हणून नाव उंचावरून सुरू होऊन उतरत येतं. नवखा माणूस एका बाजूचं काम संपवून पूर्ण चित्र आरशासारखं उलटं करतो, आणि अक्षरंही उलटी होतात. उलटा करायचा तो नुसता वक्र. नाव त्याच्यावर पुन्हा नव्याने चढवायचं.

आत वळणाऱ्या फळीचा हिशेब असा. फळी तुमच्या नजरेपासून ६० अंशांनी वळलेली असेल, तर तिच्यावरची रुंदी निम्मी दिसते. ३० सेंटिमीटरचं अक्षर १५ चं वाटतं. म्हणून नाळेजवळचं अक्षर पडद्यावर मुद्दाम पसरट ठेवावं लागतं. पाकिटाची त्या बाजूची कड आडवी ओढली की झालं. पडद्यावर ते बेढब दिसेल, होडीवर सरळ दिसेल.

९. गोल शिक्का

ग्रामपंचायतीचा किंवा सोसायटीचा गोल शिक्का हे वक्राक्षरांचं सगळ्यांच्या ओळखीचं उदाहरण. वरच्या अर्ध्यात नाव, खालच्या अर्ध्यात तालुका आणि जिल्हा. इथे एकाच वर्तुळावर सगळा मजकूर फिरवला तर खालची ओळ डोक्यावर उभी राहते. म्हणून वर्तुळं दोन घ्यायची, एक वरच्या ओळीसाठी आणि एक खालच्या. वरच्या ओळीची शिरोरेषा बाहेरच्या कडेला, खालच्या ओळीची आतल्या बाजूला. वर पायांची गर्दी होते, म्हणून अक्षरांत थोडं अंतर वाढवा. खाली पाय फाकतात, म्हणून थोडं कमी करा. शिक्का लहान असल्याने इथे दुसरा उपाय, म्हणजे अखंड सुतळी ओढण्याचा, सर्वांत सोपा पडतो.

१०. कापण्यापूर्वी

रेडियम कापलं की परत जोडता येत नाही. म्हणून आधी साध्या कागदावर छापा, तुकडे चिकटवून खऱ्या मापाचं नाव करा, आणि ते होडीवर चिकटपट्टीने लावा. मग पाण्याच्या कडेपर्यंत मागे या. तीन गोष्टी पाहा: शिरोरेषा एका दमात टोकापासून टोकापर्यंत जाते का, उकार आणि रफार कुणाला धडकत नाहीत ना, आणि ज्याने नाव आधी ऐकलेलं नाही अशा माणसाला ते एका नजरेत वाचता येतं का.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असेल तर वाक निम्मा करा. तरीही वाचता आलं नाही तर खुशाल सरळ लिहा. सरळ नावामुळे आजवर एकही होडी बुडालेली नाही.